उचल नावाचं दावं : वर्धेच्या सालदारापासून मोबाईलवरच्या आगाऊ पगारापर्यंत

'उचल' हा शब्द विदर्भात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. काम करण्याच्या आधी, पुढच्या मजुरीतून वळती करण्याच्या बोलीवर मालकाकडून घेतलेली रक्कम म्हणजे उचल. पोरीचं लग्न, दवाखाना, घरावरचे टिन, शाळेची फी, कारण काहीही असो. आता प्रश्न असा की ही रक्कम कर्ज आहे की मजुरी? कर्ज असेल तर तिला सावकारीचा कायदा लागला पाहिजे. मजुरी असेल तर तिला मजुरीचा कायदा लागला पाहिजे. प्रत्यक्षात गेली शंभर वर्षे देणारा आपल्या सोयीने उत्तर बदलत आला आहे. वसुली करताना तो म्हणतो, हे कर्ज आहे. कायद्याने हिशोब विचारला की म्हणतो, छे, ही तर त्याचीच मजुरी, मी फक्त आधी दिली.

या दोन उत्तरांच्या फटीत आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या राबल्या. आज तीच फट मोबाईलच्या पडद्यावर 'सॅलरी ॲडव्हान्स' या नावाने पुन्हा उघडली आहे. म्हणून या उचलीवर कायदेमंडळाने कधी, किती आणि कुणाच्या बाजूने नजर ठेवली, हा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचला पाहिजे. तोही आपल्या वर्धा जिल्ह्याच्या जमिनीवर उभं राहून.

कापसाचा जिल्हा आणि सालाचा माणूस

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा वेगळा जिल्हा काढला गेला. हिंगणघाटचा कापूस तेव्हा परदेशच्या बाजारात नावाने ओळखला जात होता. जी.आय.पी. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंगणघाट आणि पुलगाव इथे कापडगिरण्याही उभ्या राहिल्या. हा इतिहास सगळे सांगतात. ज्याच्या अंगमेहनतीवर हा कापूस उभा होता, त्या सालदाराचा इतिहास फारसं कुणी सांगत नाही.

सालदार म्हणजे सालभरासाठी बांधलेला गडी. साल साधारणपणे गुढीपाडव्याला सुरू होतं. काही रोख, काही ज्वारी, सणाला कपडा, आणि सुरुवातीलाच उचल. ज्याला साऱ्या महाराष्ट्रात नववर्षाचा मंगल दिवस म्हणतात, तो या माणसासाठी पुढच्या बारा महिन्यांचा सौदा ठरण्याचा दिवस होता. पहाटे बैलांच्या वैरणीपासून रात्रीच्या जागलीपर्यंत कामाला तास नव्हते. आजारी पडला की खाडा. खाडा पडला की कापणी. साल संपताना हिशोब व्हायचा आणि हिशोबाची वही मालकाकडे असायची. बाकी निघाली की ती पुढच्या सालावर. बाकी फेडायची तर पुन्हा त्याच दारात साल धरायचं, आणि नवं साल धरलं की पुन्हा नवी उचल.

या व्यवहाराची खुबी अशी की यात व्याज दिसतच नाही. बरेचदा मालक व्याज लावतही नसे. व्याज घेतलं जायचं ते कमी ठरवलेल्या मजुरीतून, न मोजलेल्या तासांतून आणि दुसऱ्याकडे जाण्याच्या हिरावलेल्या मुभेतून. सावकार पैशावर पैसा कमावतो. उचल देणारा मालक त्या पैशाने माणसाचा उद्याचा दिवस आजच्या भावात विकत घेतो. सालदार कोणत्या जातीचा होता? महार, मांग, गोंड आणि जमीन गेलेले इतर जातींचे गरीबही. पण ज्याला जन्माने जमीन नव्हती, गावात पत नव्हती आणि मालकाची वही वाचता येत नव्हती, त्याच्या वाट्याला ही बांधणी जास्त आली, हे सांगायला कुठल्या आकडेवारीची गरज नाही. पत नाकारण्याचं काम जातीने केलं आणि त्या नाकारलेल्या पतीचा मोबदला मालकाने वसूल केला.

१९३३ ते १९३९ : सहा वर्षांत पाच कायदे, पण कुणासाठी?

१९२९ च्या जागतिक मंदीनंतर शेतमालाचे भाव कोसळले आणि कर्जाचा प्रश्न सरकारला टाळता येईना. वर्धा तेव्हा मध्यप्रांतात होता. या प्रांताच्या कायदेमंडळाने कर्जाविषयी एकामागून एक कायदे केले. १९३३ चा कर्ज तडजोड कायदा, १९३४ चा सावकारी कायदा, १९३६ चा औद्योगिक कामगारांच्या कर्जाची तडजोड आणि फेड यासाठीचा कायदा, वसुलीसाठी कर्जदाराच्या मागे लागून छळ करणाऱ्याला आवर घालणारा १९३७ चा कायदा, आणि १९३९ चा कर्जनिवारण कायदा. कर्ज तडजोडीच्या बाबतीत तर मध्यप्रांताने साऱ्या देशाला वाट दाखवली.

कागदावर पाहिलं तर ही मोठी कामगिरी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हरकत नाही. पण या कायद्यांची नजर कुठे होती ते पाहा. तडजोडीची सारी मांडणी प्रामुख्याने जमीन, गहाण आणि तारण यांभोवती फिरते. ज्याच्याकडे गमावण्यासारखी जमीन आहे, त्याची जमीन वाचवावी, हा त्यामागचा विचार. १९३६ च्या कायद्याने गिरणी कामगाराकडे पाहिलं, तेही महिना ५० रुपयांपर्यंत कमावणाऱ्याकडे. म्हणजे हिंगणघाटच्या गिरणीत सूत काढणारा कामगार कायद्याला दिसला. त्याच हिंगणघाट तहसिलीत त्या सुतासाठी कापूस पिकवणारा सालदार मात्र दिसला नाही. कारण त्याची उचल सावकारी नव्हती, तारण म्हणून जमीन नव्हती, आणि शेताला कुणी कारखाना म्हणत नव्हतं. तारण ठेवायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याचं शरीर. या पाच कायद्यांपैकी एकाचाही रोख शरीराच्या तारणाकडे नव्हता.

यात आश्चर्य काही नाही. कायदेमंडळात कोण बसलं होतं? मतदानाचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधलेला होता. वर्धा हा मालगुजारी पद्धतीचा मुलूख. गावचा मालगुजार हाच जमिनीचा धनी, बरेचदा तोच सावकार आणि सालदारांचा मालकही तोच. स्वतःच्या वाड्यातल्या सालदाराची उचल तपासायला मालगुजार कायदा कशाला करेल? पुणे कराराने मध्यप्रांतात अस्पृश्यांना २० राखीव जागा मिळाल्या खऱ्या, पण त्या संयुक्त मतदारसंघातल्या होत्या. निवडून येणाऱ्याला मत मागायला पुन्हा त्याच वाड्याच्या पायरीवर जावं लागत होतं. संयुक्त मतदारसंघाला बाबासाहेबांचा विरोध का होता, हे सालदारीच्या हिशोबातूनही समजून घेता येतं. ज्याच्या हातात माणसाची उचल, त्याच्या हातात त्याचं मत.

याच काळात केंद्राच्या पातळीवर १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. व्हिटली कमिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाही श्रम आयोगाने कामगारांच्या कर्जबाजारीपणावर आणि पगारातल्या मनमानी कापणीवर बोट ठेवलं होतं, त्याची ही पार्श्वभूमी. या कायद्यात आगाऊ रकमेविषयी एक शहाणी तरतूद होती. नोकरी सुरू होण्याआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण वेतनकाळाच्या पगारातून वसूल करायची, आणि प्रवासखर्चासाठी दिलेली रक्कम कापायचीच नाही. पुढे १९६४ च्या दुरुस्तीने एकूण कापणीला पगाराच्या ५० टक्क्यांची, आणि सहकारी संस्थेची वसुली असेल तर ७५ टक्क्यांची मर्यादा घातली. तत्त्व साधं आहे. उचलीसाठी माणूस वर्षानुवर्षे अडकवून ठेवता येणार नाही आणि त्याच्या घरी चूल पेटेल एवढा पगार हातात पडलाच पाहिजे. पण सुरुवातीला हा कायदा लागू झाला तो कारखाने आणि रेल्वे यांना. शेत पुन्हा बाहेर राहिलं.

बाबासाहेबांनी दाव्यावर घाव घातला

बाबासाहेबांचं वेगळेपण इथे आहे. व्याजाचा दर कमी करा, एवढीच मागणी घेऊन ते कायदेमंडळात गेले नाहीत. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. वतन आणि खोती या दोन्हींत पैशाचा व्यवहार होताच, पण बाबासाहेबांनी नेमकं काय धरलं? वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात महाराला, आणि त्याच्या घरच्यांनाही, रात्रंदिवस सरकारी कामाला हजर राहावं लागतं, ही बांधणी त्यांनी धरली. थोडं आधी द्यायचं आणि त्या बदल्यात माणसाच्या सगळ्या वेळेवर हक्क सांगायचा, हेच वतनाचं आणि हेच उचलीचं सूत्र. फरक एवढाच की वतन बापाकडून लेकाकडे सनदेने येत होतं आणि उचल बाकीच्या रूपाने.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपण भाषणात वापरतो, पण उचलीच्या व्यवहारात ते दोन शत्रू एकाच वहीत कसे सही करतात, याकडे आपलं लक्ष कमी जातं. पत नाकारतो तो पहिला शत्रू. त्या नाकारलेल्या पतीवर नफा कमावतो तो दुसरा.

पुढे संविधान सभेत ३ डिसेंबर १९४८ रोजी मसुद्यातील कलम १७ वर चर्चा झाली. तेच आजचं अनुच्छेद २३. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशाच प्रकारची सक्तीची मजुरी यांना मनाई. हे कलम बहुतेक मूलभूत हक्कांसारखं फक्त सरकारविरुद्ध नाही. ते गावच्या मालकाविरुद्धही चालतं. मालगुजाराच्या वाड्यात संविधान शिरलं ते या दाराने. मालगुजारी स्वतः गेली ती मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने, कारण तेव्हा आपला जिल्हा त्या राज्यात होता. मालगुजार गेला, पण सालदारी राहिली. उचल देणारा हात तेवढा बदलला.

१९७५-७६ : उचलीला पहिल्यांदा नाव मिळालं

१९७५ साली दोन वटहुकूम निघाले. ऑगस्टमध्ये महाराष्ट्राचा कर्जमुक्ती वटहुकूम, ज्याचा पुढे कायदा झाला. त्याने ठरावीक उत्पन्नाखालचे शेतमजूर, ग्रामीण कारागीर, सीमांत शेतकरी आणि कामगार यांची सावकारी कर्जं संपुष्टात आणली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात १९७७ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिला. गरिबाची सुटका हा राज्य विधिमंडळाचा अधिकार आहे, यावर शिक्कामोर्तब झालं.

दुसरा, केंद्राचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ चा. त्याचाच वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ झाला. हे दोन्ही आणीबाणीत घडलं, विरोधी बाकांवरची माणसं तुरुंगात असताना, ही गोष्ट विसरायची नाही. गरिबाच्या बाजूचा कायदासुद्धा वटहुकुमाने आला की त्यावर चर्चा होत नाही, आणि अंमलबजावणीचा जाब विचारण्याची सवयही विधिमंडळाला लागत नाही.

तरीही हा कायदा प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा. इथे पहिल्यांदा 'उचल' कायद्याच्या पहिल्याच व्याख्येत आली, रोख असो वा वस्तुरूप, लेखी असो वा तोंडी. वेठबिगारी म्हणजे काय? उचलीच्या मोबदल्यात, किंवा रूढीने, किंवा वारशाने आलेल्या बंधनामुळे, किंवा विशिष्ट जातीत जन्मल्यामुळे माणसाला विनामजुरी वा नाममात्र मजुरीवर राबावं लागणं. किंवा ठरावीक अथवा बेमुदत काळासाठी दुसरं काम धरण्याची मुभा गमावणं. किंवा हवं तिथे जाण्याची मुभा गमावणं. जातीचा उल्लेख कायद्याच्या व्याख्येतच आहे. आणि 'ठरावीक काळासाठी' हे शब्द पुन्हा वाचा. साल हा ठरावीक काळच आहे.

या कायद्याने असं बंधपत्रित कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर टाकला. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. १९८२ साली पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी, असं ठरवलं. १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं. मजूर सक्तीने राबतोय हे दिसलं की ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी उचल घेऊन पिढीजात राबणाऱ्या आदिवासी 'लग्नगड्यां'च्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात याच कायद्याचा आधार घेतला. म्हणजे कायदा मेलेला नव्हता. तो चालवणारे हात लागत होते.

प्रत्येक सालदार वेठबिगार असतो असं म्हणणं चुकीचं ठरेल. कसोटी सोपी आहे. उचलीची बाकी असताना तो काम सोडून दुसरीकडे जाऊ शकतो का? किमान वेतन मिळतं का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'नाही' असेल, तर समोरचा व्यवहार खाजगी करार राहत नाही, त्याची चौकशी करणं जिल्हाधिकाऱ्यांचं कर्तव्य होतं.

२००६ ते २०१४ : पुन्हा जमीनच दिसली

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. शेतकरी आत्महत्यांमुळे सावकारी पुन्हा विधानसभेत गाजली. पण विधिमंडळातल्याच माणसाच्या घरची सावकारी असेल तर काय होतं, तेही याच काळात दिसलं. बुलढाणा जिल्ह्यात एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी आल्या, तेव्हा मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना फोन गेला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये या हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढत राज्य सरकारवर १० लाख रुपयांचा खर्च बसवला. ज्याने देखरेख करायची तोच देणेकऱ्याच्या समोर मालक म्हणून उभा. १९३३ च्या मालगुजारी कौन्सिलची आठवण यावी असा हा प्रसंग आहे.

२०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आला. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद. सावकारीत बळकावलेली जमीन १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहारातली असली तरी परत मिळवण्याची तरतूद. मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही, हे दामदुपटीचं तत्त्व. आणि व्याजाचे दर शेतकऱ्याला तारणी ९ टक्के, बिनतारणी १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. कायदा चांगला आहे. पण त्याची सगळ्यात धारदार तरतूद पुन्हा जमिनीविषयीच आहे. ज्याची जमीन कधी नव्हतीच, त्याला परत काय मिळणार? त्याचं गेलेलं साल परत करण्याचं कलम कुठल्याही सावकारी कायद्यात नाही.

आता वही मोबाईलमध्ये गेली

सालदाराचा नातू आज देवळी किंवा हिंगणघाटच्या कारखान्यात कंत्राटी कामगार असेल, नागपुरात सिक्युरिटी गार्ड असेल, पुण्यात डिलिव्हरी करत असेल. महिन्याच्या २० तारखेला पैसे संपतात. मोबाईलवर जाहिरात येते, 'तुमचाच पगार, आजच घ्या.' व्याज शून्य, फक्त 'प्रोसेसिंग फी'. साधं गणित करू. समजा ५,००० रुपये १५ दिवसांसाठी घेतले आणि फी लागली १५० रुपये. वाटतं, तीनच टक्के. पण हे तीन टक्के १५ दिवसांचे आहेत. वर्षाच्या हिशोबाने दर पडला ७३ टक्के. गावच्या परवानाधारक सावकाराला बिनतारणी कर्जावर १८ टक्क्यांपुढे जाता येत नाही.

मग या ॲपला ती मर्यादा का नाही? कारण मागे बरेचदा रिझर्व्ह बँकेत नोंदलेली वित्त कंपनी असते. मे २०२२ मध्ये नेडुंपिल्ली फायनान्स खटल्यात केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणातल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली नोंद ३० सावकारी आणि सावकार हा विषय राज्याला देते. पण सावकाराने कंपनीचा कोट चढवला की तो विधानसभेच्या हद्दीबाहेर जातो.

रिझर्व्ह बँक काहीच करत नाही असं नाही. तिच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १,१०० कर्ज ॲप आढळली, त्यातली ६०० बेकायदेशीर होती. सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाची मार्गदर्शक तत्त्वं आली, मे २०२५ मध्ये निर्देश आले. पैसा थेट कर्जदाराच्या खात्यात, एकूण खर्च वार्षिक दरात सांगणं बंधनकारक, फोनमधल्या नंबरांना आणि फोटोंना हात लावायचा नाही, कर्ज नको वाटलं तर परत करायची मुदत. हे नियम आपल्या कामाचे आहेत आणि वापरले पाहिजेत. पण हे 'निर्देश' आहेत. रिझर्व्ह बँकेचे विनियम तरी संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात, निर्देशांवर तशी चर्चा होत नाही. आपल्या आमदाराला त्यावर प्रश्न विचारता येत नाही, आणि खासदार विचारत नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेलं मत या नियमांपर्यंत पोचतच नाही.

आणि काही कंपन्या तर हे कर्ज आहे हेच मान्य करत नाहीत. कामगाराने केलेल्या कामाचाच पगार आम्ही आधी देतो, असं त्यांचं म्हणणं. हा युक्तिवाद नवा नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'पगार खरेदी करणारे' सावकार होते. आम्ही कर्ज देत नाही, कामगाराचा पुढचा पगार विकत घेतो, असं सांगून ते व्याजाच्या कायद्यातून निसटत. शेवटी तिथल्या राज्यांच्या विधिमंडळांना छोट्या कर्जांचे कायदे करून ही पळवाट बुजवावी लागली. शंभर वर्षांनी ॲपच्या रूपाने तोच वाद तिथे पुन्हा उभा आहे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संस्थेने असा आगाऊ पगार म्हणजे कर्जच, असं धोरण प्रस्तावित केलं आणि सरकार बदलल्यावर ते मागे घेतलं. विधिमंडळाने कायद्यात न लिहिलेलं संरक्षण असं एका निवडणुकीत पुसलं जातं.

'मग गरिबाने जावं कुठे?'

हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो खोटा नाही. उचल बंद केली तर रात्री दवाखान्यात पैसे कोण देणार? म्हणून मागणी उचलबंदीची असू शकत नाही. मागणी अशी असली पाहिजे : उचल घेतल्यामुळे काम सोडण्याचा हक्क जाणार नाही. सगळ्या कापण्या मिळून पगाराच्या अर्ध्याच्या पुढे जाणार नाहीत. फी, टीप, सभासदशुल्क, नाव काहीही असो, सगळा खर्च वार्षिक दरात मराठीत लिहून द्यावा लागेल. आणि वसुलीसाठी नातेवाईकांना, शेजाऱ्यांना फोन जाणार नाही. यातली एकही मागणी जगावेगळी नाही. अर्ध्या पगाराची मर्यादा १९६४ पासून कायद्यात आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. कर्जदाराचा छळ थांबवण्याचा कायदा आपल्याच प्रांताने १९३७ साली केला होता. कर्नाटकने फेब्रुवारी २०२५ मध्ये छोट्या कर्जांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, तमिळनाडूनेही त्याच वर्षी कायदा केला. व्याजदरावर राज्याचा हात बांधला असेल, पण दमदाटीवर बांधलेला नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे करण्यापासून कुणी रोखलंय?

रिकाम्या खुर्च्यांचा हिशोब विचारा

शेवटी सगळ्यात जवळची गोष्ट. १९७६ च्या वेठबिगार कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती सक्तीची केली आहे. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्या समितीवर जिल्ह्यात राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या तीन व्यक्ती आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असलेच पाहिजेत, असं कायदाच सांगतो. म्हणजे या देखरेखीत आपल्या समाजाची जागा मेहरबानीची नाही, कायद्यात लिहिलेली आहे. मित्रांनो, वर्धा जिल्ह्यात आज त्या तीन जागांवर कोण आहे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? शेवटची बैठक कधी झाली? किती सालदारांची, वीटभट्टीवरच्या किती मजुरांची उचल तपासली?

हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. आलेलं उत्तर घेऊन आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या चारही मतदारसंघांच्या आमदारांकडे जा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, काय ते करा म्हणावं. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्यात दौऱ्यावर आली की तिच्यासमोर सालदाराची वही आणि कंत्राटी कामगाराच्या मोबाईलवरचा हिशोब, दोन्ही ठेवा. मुक्त झालेल्या वेठबिगाराला पुनर्वसन योजनेत एक ते तीन लाख रुपयांची मदत आहे आणि तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे, हेही गावात सांगा.

शंभर वर्षांत कायदेमंडळाला जमीन दिसली, व्याज दिसलं, गिरणी दिसली. उचलीला बांधलेला माणूस दिसला तो १९७६ च्या एका कायद्यात, आणि त्या कायद्याच्या समितीवरच्या तीन खुर्च्या आपल्या नावाच्या आहेत. बाबासाहेब १९२८ साली ज्या सभागृहात वतनाची बांधणी तोडायला उभे राहिले, तिथे त्यांच्या बाजूला बहुमत नव्हतं, तरी ते उभे राहिले. आपल्या हातात आज कायदा आहे, मत आहे, वही वाचता येते. ती वही उघडून विचारायचं काम आता आपलं.

जय भीम!